वेल्डरची तुकडी बंद करू नका: आमच्या आयटीआयच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
संस्था व्यवस्थापन समिती,
शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, आमचा तालुका

सप्रेम नमस्कार.

मागच्या बैठकीत तुम्ही एक ठराव केलात. संस्थेतल्या वेल्डर ट्रेडची दुसरी तुकडी पुढच्या सत्रापासून बंद करायची, तिची शेड मोकळी करून तिथे अल्पमुदतीच्या संगणक अभ्यासक्रमांसाठी हॉल काढायचा आणि उरलेल्या एका तुकडीसाठी वेल्डिंगचं सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर वेल्डिंगचा सराव देणारं यंत्र, विकत घ्यायचं. ठरावात कारण एका ओळीत दिलं आहे: जागा रिकाम्या राहतात, ट्रेडला मागणी नाही. प्रस्ताव अजून व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे गेलेला नाही, असं समजलं. तो जायच्या आत हे पत्र तुम्ही वाचावं आणि तालुक्यातल्या पालकांनीही वाचावं, म्हणून ते बंद पाकिटात न घालता सर्वांसमोर ठेवतो आहे.

मी याच संस्थेतून वेल्डर झालो. घरी दोन एकर कोरडवाहू, शिकलेलं कुणी नाही. इथून बाहेर पडल्यावर साखर कारखान्यात हेल्पर, मग वेल्डर, मग रिफायनरी बंद ठेवून करायची दुरुस्तीची, म्हणजे शटडाउनची कामं, काही वर्षं आखातात, आणि आता एमआयडीसीत माझी स्वतःची फॅब्रिकेशनची शेड. कारखाने, डिस्टिलऱ्या आणि दूध प्लांट यांच्या टाक्या आणि पाइपलाइनी आम्ही करतो. दरवर्षी या संस्थेची पोरं माझ्याकडे काम मागायला येतात. त्यांना कामावर घेताना आणि परत पाठवताना जे दिसतं, त्यावरून लिहितो आहे.

मागणी नाही, हे वाक्य साखरपट्ट्यात बसून कुणी लिहावं याचं वाईट वाटलं. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत उरकतं. त्यानंतर पुढच्या हंगामापर्यंत कारखान्यात जी दुरुस्ती चालते, तिच्यात पावलोपावली वेल्डर लागतो. बॉयलरच्या झिजलेल्या ट्यूबा बदलायच्या, वाफेच्या आणि रसाच्या लाइनी, रस आटवायची पॅन आणि इव्हॅपोरेटर, ऊस पिळणाऱ्या रोलरच्या झिजलेल्या दातांवर भर घालायचा. हंगामात मिल चालू असतानासुद्धा रोलरवर आर्किंग करणारा, म्हणजे वेल्डिंगने त्याचा पृष्ठभाग खडबडीत ठेवणारा माणूस लागतो, नाहीतर गुळगुळीत झालेला रोलर ऊस पकडत नाही. सहवीजनिर्मिती आल्यापासून बॉयलरचा दाब चौरस सेंटिमीटरला 67, 87, काही ठिकाणी 110 किलोपर्यंत गेला आहे आणि वाफ पाचशे अंशांच्या पुढे. त्या लाइनीचा एक जोड सुटला तर शेजारी उभा असलेला माणूस वाचत नाही. तो जोड करणारे हात कुठून येणार, याचा विचार ठराव करताना झाला का?

डिस्टिलऱ्यांचंही बघा. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य देशाने 2025 मध्ये गाठलं. त्यासाठी गेल्या काही वर्षांत किती कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभारल्या आणि वाढवल्या, हे समितीतल्या उद्योजक सदस्यांना मी सांगायला नको. तिथे सगळीकडे स्टेनलेस स्टील, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणात करायचं आर्गॉन वेल्डिंग, यालाच टिग म्हणतात. दूध प्लांटमध्ये तर काम आणखी नाजूक. पाइपच्या आतून जोड खडबडीत राहिला तर त्या खाचेत दूध अडकतं, जंतू वाढतात आणि सगळी लाइन धुऊनही नासकं दूध येतं. म्हणून वेल्डिंग चालू असताना पाइपच्या आतही आर्गॉन भरून ठेवावा लागतो. हे ज्याला जमतं, त्याला आमच्या भागात वर्षभर काम आहे.

ही कामं आज कोण करतं? हंगाम संपला की झारखंड, बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून वेल्डरांच्या टोळ्या येतात. मेहनती पोरं आहेत, हातात कसब आहे, माझ्या शेडमध्येही आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्यांनी ते कसब कुठेतरी कमावलं आहे. पण त्याच गेटवर आपल्या आयटीआयचं प्रमाणपत्र हातात घेऊन उभा असलेला मुलगा हेल्पर म्हणून आत जातो. तो वेल्डर म्हणून आत का जात नाही, याचं उत्तर संस्थेने द्यायला हवं. जागा का रिकाम्या राहतात, त्याचंही उत्तर त्यातच आहे. गल्लीतला आयटीआय झालेला पोरगा तीन वर्षांनीही ग्राइंडरच मारताना दिसला, तर पालक दुसऱ्या पोराला त्या ट्रेडला कशाला घालतील? ते इलेक्ट्रिशियनसाठी रांग लावणारच.

वेल्डरला काम कसं मिळतं, हे इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण समितीत सगळेच या धंद्यातले नाहीत आणि पालकांना तर हे कुणीच सांगत नाही.

ठेकेदार किंवा कंपनी मार्कशीट बघत नाही. ती समोर एक तुकडा ठेवते आणि म्हणते, करून दाखव. सपाट ठेवलेल्या प्लेटवर वरून केलेला जोड म्हणजे 1 जी. तो आठवडाभरात कुणालाही जमतो. प्लेट उभी आणि जोड आडवा असेल तर 2 जी. जोड उभा असेल आणि खालून वर चढत न्यायचा असेल तर 3 जी. प्लेट डोक्यावर असेल तर 4 जी; त्यात वितळलेलं लोखंड खाली ओघळू न देता वर धरून ठेवायचं असतं. पाइपची शेवटची परीक्षा 6 जी. पाइप 45 अंशांत तिरका घट्ट बांधलेला, तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती वाकून, बसून, आडवं होऊन जोड पुरा करायचा. ज्याचा 6 जी पास, त्याच्यासाठी बाकीच्या सगळ्या पोझिशन खुल्या.

मग त्या जोडाच्या पट्ट्या कापतात आणि प्रेसमध्ये वाकवतात, एक रूटच्या, म्हणजे जोडाच्या तळाच्या बाजूने, एक वरच्या बाजूने. वाकलेल्या पट्टीवर 3 मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की नापास. एएसएमई या अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या नियमावलीत, सेक्शन नऊमध्ये हे लिहिलेलं आहे आणि जगभर बहुतेक ठिकाणी त्याच धर्तीवर परीक्षा होते. बॉयलरच्या कामाला तर 1950 च्या इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सप्रमाणे परीक्षा दिलेलाच वेल्डर लागतो. आखातात जायचं असेल तर मुंबईत एजन्सीकडे ट्रेड टेस्ट होते, तिथेही हेच. या परीक्षेत वशिला चालत नाही, जात चालत नाही, इंग्रजी लागत नाही. वाकलेली पट्टी काय ते सांगते. माझ्यासारख्या घरातल्या पोराला या देशात अशा फार थोड्या परीक्षा मिळतात, आणि म्हणून या ट्रेडवर माझा जीव आहे.

या परीक्षेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळी आयुष्यं आहेत. माझ्या शेडमध्ये हेल्परला जो रोज पडतो, त्याच्या दुपटीहून जास्त आर्गॉनमध्ये 6 जी पास असलेल्या वेल्डरला पडतो, आणि तरी तो टिकत नाही. गुजरातेतलं हजिरा, जामनगर किंवा आखात त्याला ओढून नेतात. पुढे फोरमन, सुपरवायझर, अभ्यास केला तर वेल्डिंग इन्स्पेक्टर, अशी वाट आहे. तिरुचिरापल्लीला भेलची वेल्डिंग संशोधन संस्था आहे, तिथे प्रशिक्षण होतं. माझगाव डॉक दरवर्षी वेल्डरचे शिकाऊ उमेदवार घेतं, रेल्वेचे कारखाने घेतात. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला आहे आणि आजचे डबे स्टेनलेस स्टीलचे असतात. ही वाट सोपी आहे असं मी कुणाला सांगणार नाही. काम उन्हाचं, उंचीवरचं, पाठीचं आणि डोळ्यांचं आहे. बरंचसं ठेक्यावर चालतं आणि कितीतरी ठेकेदार पीएफ भरत नाहीत. पण आठवी पास मुलाला एका वर्षाच्या शिक्षणावर यापेक्षा पुढे नेणारं दुसरं काय आपल्या तालुक्यात आहे, ते मला दाखवा.

आता तक्रारींकडे येतो. वर्षानुवर्षं या संस्थेची पोरं घेताना जे साचलं आहे, तेच मांडतो.

सगळ्यात मोठी तक्रार रॉड आणि प्लेटची. 2022 च्या सुधारित अभ्यासक्रमात एका वर्षाच्या ट्रेडला प्रात्यक्षिकाचे 840 तास आहेत. कागदावर हे पुरेसं दिसतं. एका मशीनवर चार पोरं उभी राहिली की प्रत्येकाच्या वाट्याला 210 तास उरतात आणि त्यातला निम्मा वेळ प्लेट कापण्यात, घासण्यात, टॅक मारण्यात (तुकडे जागेवर धरायला छोटे ठिपके जोडण्यात) जातो. तेही चाललं असतं, जर हातात रॉड असते. 3.15 मिलिमीटरचा रॉड मिनिट-दीड मिनिटात जळून संपतो. 3 जी मध्ये हात बसायला असे शेकडो रॉड जाळावे लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. आपल्या पोरांना दिवसाला मोजून दोन-तीन रॉड मिळतात, आणि कच्च्या मालाची खरेदी लांबली की आठवडेच्या आठवडे तेही नाहीत. मग ती एकाच जुन्या प्लेटवर बीडवर बीड, म्हणजे वितळलेल्या धातूच्या रेघा, ओढत बसतात, जोड करतच नाहीत. माझ्याकडे आलेल्या कितीतरी पोरांनी संस्थेत व्ही-ग्रूव्हचा रूट पास, म्हणजे दोन प्लेटांमधल्या व्ही आकाराच्या खाचेतला तळाचा पहिला थर, एकदाही भरलेला नव्हता. 7018 नंबरचा, कमी हायड्रोजनचा रॉड वापरण्याआधी ओव्हनमध्ये 300 ते 350 अंशांवर तासभर तरी भाजावा लागतो, नाहीतर त्यातल्या ओलाव्याने जोडात हायड्रोजन जातो आणि जोड नंतर तडकतो. हे त्यांनी वहीत लिहिलेलं असतं. ओव्हन पाहिलेला नसतो.

यातलं एक दुखणं तर फुकटात बरं होण्यासारखं आहे. आमच्या शेडांमध्ये प्लेटचे तुकडे रोज पडतात. आम्ही ते किलोवर भंगारात घालतो. ते तुकडे संस्थेला द्यायला आम्ही काही शेडवाले तयार होतो, तसं सांगूनही पाहिलं. उत्तर मिळालं की असा माल नोंदवहीत कुठल्या सदरात घ्यायचा ते स्पष्ट नाही. एका सदरापायी पोरांच्या हातची प्लेट गेली, ही गोष्ट मला पचत नाही.

दुसरी तक्रार आर्गॉनची. टिगचे सेट संस्थेत आहेत. ते कपाटात कुलूपबंद आहेत, कारण सिलिंडर भरलेला नसतो, टंगस्टनच्या कांड्या नसतात. सीओटू मशीनचा (कार्बन डायऑक्साइड वायूत वेल्डिंग करणाऱ्या) वायर पुढे सरकवणारा फीडर बिघडला तो बिघडलाच. अभ्यासक्रमात दोन्ही आहेत, जर्नलमध्ये दोन्हींचे जॉब काढलेले आहेत, त्यावर सह्या आहेत. तालुक्यात ज्या कामाला सगळ्यात जास्त पैसा आहे, नेमकं तेच काम आपण पोरांना दाखवत नाही.

तिसरी, शिकवणाऱ्यांची. कायम शिल्प निदेशक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. आज दोन्ही तुकड्या तासिका तत्त्वावरच्या निदेशकांवर चालतात. ती तरुण माणसं मनापासून शिकवतात, हे मी पाहिलं आहे. पण तासाच्या हिशेबाने मानधन, तेही उशिरा, आणि पुढच्या सत्रात आपण असू की नाही याची खात्री नाही. वेल्डिंग पुस्तकातून येत नाही. शिकवणारा मागे उभा राहून पोराचं मनगट धरतो, कोन बदलतो, आर्कचा आवाज ऐकून सांगतो की करंट जास्त आहे. ते करायला माणूस जागेवर असावा लागतो आणि त्याचं चित्त जागेवर असावं लागतं.

चौथी तक्रार पोरांच्या जिवाची आहे आणि तिच्यात तडजोड होऊ शकत नाही. शेडमधले धूर ओढणारे पंखे बंद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे संशयित नव्हे, सिद्ध. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम असतं, साध्या लोखंडाच्या धुरात मँगेनीज. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर काम केलं की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आमच्या धंद्यात अजून सांगतात, गूळ खा, धूर उतरतो. गुळाने काही उतरत नाही. धूर नाकाजवळ येण्याआधी ओढून न्यावा लागतो. काळ्या काचा ओरखडलेल्या, हँडस्क्रीन तडकलेल्या, चामडी हातमोजे चार पोरांत एक जोडी. आर्क लागून डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होत रात्र काढणं हे इथे शिकण्याचाच भाग समजलं जातं. सतरा वर्षांच्या पोराला पहिल्याच वर्षी आपण हे शिकवलं, तर तो पुढे आयुष्यभर साइटवर काच न लावता टॅक मारेल.

पाचवी गोष्ट मुलींची. आयटीआयमध्ये 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. वेल्डरच्या त्या जागांवर आपल्याकडे मुली जवळजवळ येतच नाहीत आणि शेडच्या आसपास त्यांच्यासाठी कपडे बदलायची खोली नाही, धड स्वच्छतागृह नाही. टिगचं काम ताकदीचं नाही, स्थिर हाताचं आणि धीराचं आहे. माझ्या शेडमध्ये आर्गॉनवर काम करणारी एक मुलगी आहे. तिने हे संस्थेबाहेर, वडिलांच्या हाताखाली शिकून घेतलं. तिचे जोड मी दूध प्लांटच्या लाइनीवर निर्धास्त लावतो.

आणि शेवटची, जी थेट तुमच्या टेबलाभोवती बसलेल्यांना उद्देशून आहे. या समितीत उद्योगांचे प्रतिनिधी कशासाठी असतात? 2007-08 मध्ये केंद्राने 1396 शासकीय आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारण्याची योजना आणली, प्रत्येक समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज दिलं, अध्यक्षपद उद्योजकाकडे ठेवलं. हेतू हा की ज्याला माणसं लागतात त्यानेच शिक्षणाकडे लक्ष द्यावं. आपल्या संस्थेलाही ते कर्ज मिळालं. त्यातलं किती खर्च झालं, किती ठेवीत आहे, वेल्डर ट्रेडवर किती लागलं, हे माजी विद्यार्थ्यांना कधीच कळलेलं नाही. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच टक्के ते पंधरा टक्के. 2019 च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्र असलेल्या उमेदवाराला महिन्याला किमान 7,000 रुपये ठरवले आणि सरकार त्यातला काही वाटा परत देतं. तरीही आपली पोरं पास झाल्यावर सहा-सहा महिने घरी बसतात. वेल्डिंगमध्ये सहा महिने म्हणजे फार होतात. पास झालेल्या वेल्डरनेसुद्धा सहा महिने ती प्रक्रिया वापरली नाही तर एएसएमईप्रमाणे त्याची पात्रता संपते. हात विसरतात, हे तो नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. आणि ज्यांना शिकाऊ म्हणून घेतलं जातं, त्यांतल्या कित्येकांना वर्षभर रंगकाम आणि झाडलोट दिली जाते.

सिम्युलेटरबद्दल दोन शब्द. मी त्याच्या विरोधात नाही. पहिल्या पंधरवड्यात कोन आणि वेग शिकायला ते चांगलं आहे, रॉड वाचतात. पण त्यात उष्णता नाही, ठिणगी नाही, स्लॅग (जोडावर साचणारा मळ) नाही, वितळलेल्या धातूचं डबकं हलताना दिसतं ते पडद्यावर. त्यावर शंभर गुण मिळवलेल्या पोराला मी बॉयलरजवळ उभा करणार नाही. ज्या संस्थेत आर्गॉनचा सिलिंडर भरायला पैसे नाहीत, तिने आधी सिलिंडर भरावा.

ठरावावर बोलताना एका सदस्यांनी रोबोंचा मुद्दा काढला, असं ऐकलं. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत रोबो वेल्डिंग करतात हे खरं आहे. एकसारखे हजारो भाग असतील तिथे ते करणारच, आणि त्यांना वेग, करंट, वायर ठरवून देणारा माणूसही वेल्डिंग कळणाराच लागतो. पण कारखान्याच्या बॉयलरमध्ये कोपरावर सरकत जाऊन दोन ट्यूबांच्या मधल्या बोटभर जागेत, आरशात बघून जोड मारायचा असतो. टाकीवर चढायचं असतं, नदीवरच्या पाइपलाइनीला लटकायचं असतं. आपल्या तालुक्यात जे काम आहे ते बहुतांशी दुरुस्तीचं आणि उभारणीचं आहे. तिथे प्रत्येक जोड वेगळा असतो.

संगणकाचे अभ्यासक्रम जरूर आणा. माझाही भाचा ते शिकतो. त्यासाठी खोली लागते, पंखे लागतात, वीज लागते. ती सोय दुसऱ्या इमारतीत होऊ शकते. वेल्डिंगच्या शेडला उंच छप्पर, जड केबल, अर्थिंग, गॅसची जागा हे सगळं लागतं, आणि एकदा मोडलं की पुन्हा कुणी मंजूर करत नाही. केंद्राने 2025 मध्ये 1000 आयटीआयच्या सुधारणेसाठी 60 हजार कोटींची योजना मंजूर केली आहे, त्यात राज्यांचा आणि उद्योगांचाही वाटा आहे. उद्या त्यातून काही आपल्याकडे आलं, तर मागायला हातात चालू शेड हवी.

म्हणून समितीकडे आमच्या मागण्या अशा.

दुसरी तुकडी बंद करण्याचा ठराव मागे घ्यावा आणि किमान दोन प्रवेशसत्रं तसा प्रस्ताव आणू नये. तेवढ्या काळात खालच्या गोष्टी करून पाहाव्यात, आणि तरीही जागा रिकाम्या राहिल्या तर आम्ही विरोध करणार नाही.

वेल्डर ट्रेडसाठी रॉड, प्लेट, गॅस यांची वर्षाची खरेदी सत्र सुरू होण्याआधी पुरी व्हावी. उद्योगांकडून मिळणारे प्लेटचे तुकडे स्वीकारायला साध्या पावतीची पद्धत लावावी. पहिला टेम्पो मी पाठवतो. टिगचे सेट कपाटातून काढावेत, सीओटूचा फीडर दुरुस्त करावा.

धूर ओढणारी यंत्रणा सुरू होईपर्यंत शेडमध्ये बंदिस्त जागी वेल्डिंग करू नये, आणि प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला स्वतःचं हेल्मेट, काच व हातमोजे मिळावेत. मुलींसाठी खोली आणि स्वच्छतागृह याच आर्थिक वर्षात व्हावं. तसं झालं की प्रवेशाच्या दिवसांत आम्ही माजी विद्यार्थी तालुक्यातल्या माध्यमिक शाळांमध्ये जाऊन पालकांना आणि मुलींना या ट्रेडची माहिती देऊ.

कायम शिल्प निदेशकाच्या जागेसाठी समितीने संचालनालयाकडे लेखी पाठपुरावा करावा आणि तो पत्रव्यवहार फलकावर लावावा. तोवर तासिका तत्त्वावरच्या निदेशकांचं मानधन दरमहा ठरल्या तारखेला द्यावं. सरकारी पैसा उशिरा आला तर समितीच्या निधीतून आगाऊ द्यावं.

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला जोडून, प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याची 3 जी प्लेटची परीक्षा बाहेरच्या पात्र तपासनिसासमोर घ्यावी, पट्टी वाकवून. ज्याची तयारी असेल त्याला 6 जी पाइपचीही द्यावी. निकाल प्रमाणपत्राबरोबर हातात द्यावा. वाकवण्याचा प्रेस माझ्या शेडमध्ये आहे, तो वापरायला पैसे घेणार नाही. तपासनिसाचा खर्च एमआयडीसीतल्या आम्ही काही जणांनी वाटून घ्यायचं ठरवलं आहे. या मागणीला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. वर्षाच्या शेवटी पट्टी वाकणार हे निदेशकाला, प्राचार्यांना आणि समितीला माहीत असलं, की रॉड किती आले हे आपोआप विचारलं जाईल.

समितीतल्या प्रत्येक उद्योजक सदस्याने आपल्या आस्थापनेत या संस्थेचे किती शिकाऊ वेल्डर घेतले आणि त्यांना काय काम दिलं, हे दरवर्षी संस्थेच्या फलकावर जाहीर करावं. माझ्या शेडची माहिती मी या पत्राबरोबर देतो आहे. समितीच्या खात्याचा जमाखर्चही त्याच फलकावर लागावा.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घ्यावं आणि माजी प्रशिक्षणार्थ्यांपैकी दोघांना बोलायला वेळ द्यावा, ही विनंती. बैठक शक्यतो वेल्डरच्या शेडमध्येच, वर्ग चालू असताना घ्यावी, म्हणजे पंखे, काचा आणि कपाटातले सेट सगळ्यांना बघता येतील. उत्तर लेखी मिळावं. प्रस्ताव संचालनालयाकडे पाठवण्याआधी ते मिळालं नाही, तर या पत्राची प्रत पालकांच्या सह्यांसह आम्ही स्वतः संचालनालयाला देऊ.

आपला,
याच संस्थेचा माजी प्रशिक्षणार्थी (वेल्डर) व एमआयडीसीतील शेडधारक